पदार्थांची शाळा : विद्यापीठीय संशोधन-प्रयोगशाळेची आखणी आणि म्हैसूरचा अनुभव

'प्रयोग' हा शब्द मराठीत तीन घरांत नांदतो. व्याकरणात कर्तरी, कर्मणी आणि भावे असे प्रयोग असतात. रंगभूमीवर नाटकाचा प्रयोग होतो. आणि विज्ञानात प्रयोग केला जातो. पहिल्या अर्थाशी आपल्याला येथे कर्तव्य नाही. दुसऱ्या आणि तिसऱ्या अर्थाचे नाते मात्र वाटते त्यापेक्षा जवळचे आहे. नाटकाचा प्रयोग आज जसा झाला तसा उद्याही व्हावा लागतो, आणि तो तसा होतो याचे श्रेय प्रेक्षकांना न दिसणाऱ्या माणसांकडे व वस्तूंकडे जाते. प्रयोगशाळेचेही तसेच आहे. तेथील निष्कर्ष पुन्हा मिळावा लागतो, आणि तो मिळेल की नाही हे बऱ्याच अंशी भिंतीमागच्या नळांवर, जमिनीखालच्या पायावर आणि तारांच्या वाटेवर ठरते. हा न दिसणारा भाग आधी आखावा की नंतर बसवावा, या एका प्रश्नाभोवती प्रस्तुत लेखाची मांडणी केली आहे.

साहित्याच्या अभ्यासकाने या विषयात शिरावे याचा खुलासा करणे आवश्यक आहे. म्हैसूरच्या मानसगंगोत्री परिसरात १९६९ साली स्थापन झालेली भारतीय भाषा संस्थान ही केंद्रीय संस्था आहे. पारिभाषिक संज्ञांच्या कामानिमित्त प्रस्तुत लेखकाचे त्या परिसरात जाणे-येणे घडले. मानसगंगोत्री हे नाव कुवेंपूंनी दिलेले. म्हैसूर विद्यापीठाच्या, म्हणजे १९१६ साली स्थापन झालेल्या विद्यापीठाच्या, पदव्युत्तर विभागांचा हा परिसर असून तेथे भाषा आणि पदार्थ यांचे अभ्यासक शेजारी शेजारी वावरतात. संज्ञांवरून सुरू झालेली चर्चा प्रयोगशाळेच्या दारापर्यंत जाण्यास वेळ लागला नाही.

ज्याला इंग्रजीत 'मटेरिअल्स सायन्स' म्हणतात त्याला मराठीत काय म्हणावे? 'पदार्थविज्ञान' हा शब्द आपल्या जुन्या पाठ्यपुस्तकांनी भौतिकशास्त्रासाठी खर्च करून टाकला आहे. 'सामग्री' म्हटले की पूजेचे ताट डोळ्यांसमोर येते. 'द्रव्यविज्ञान' शुद्ध आहे, परंतु रुळलेला नाही. 'पदार्थ' म्हटले की आपल्याला स्वयंपाकघर आठवते हे खरे. तथापि ती आठवण येथे अडचणीची नाही, कारण पदार्थ कसा केला, तो आतून कसा झाला आणि शेवटी कसा लागतो, हे तीन प्रश्न स्वयंपाकाचेही आहेत. धातू, मातीकाम, काच, बहुवारिके, संवाहक व अर्धसंवाहक यांच्याविषयी हेच तीन प्रश्न विचारणारे शास्त्र, या अर्थाने 'पदार्थविज्ञान' हाच शब्द येथे योजला आहे.

नमुन्याची वाट

या तीन प्रश्नांतच प्रयोगशाळेचा आराखडा दडलेला आहे. एक साधे उदाहरण घेऊ. एखाद्या विद्यार्थ्याला ऑक्साइडांपासून विद्युत्-गुणधर्म असलेली मातीकामाची वडी तयार करावयाची आहे. तो प्रथम भुकट्या तोलतो, अकीकाच्या खलात किंवा गोळ्यांच्या चक्कीत त्या घोटतो, भट्टीत भाजतो, पुन्हा घोटतो, दाबयंत्रात दाबून वडी पाडतो, अधिक तापमानाला पुन्हा भाजतो, कापतो, घासून गुळगुळीत करतो. आणि मग क्ष-किरण विवर्तन, इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शी व विद्युत्-मापन यांच्याकडे वळतो. ही वाट धुळीकडून स्वच्छतेकडे, उष्णतेकडून स्थैर्याकडे आणि गोंगाटाकडून शांततेकडे जाते. आराखडाही त्याच दिशेने सरकला पाहिजे. घोटण्याची खोली सूक्ष्मदर्शीच्या शेजारी आली तर एकाची भुकटी दुसऱ्याच्या निर्वात कक्षात जाते. दोन विद्यार्थ्यांनी एकाच खलात दोन भिन्न संयुगे घोटली तर तिसऱ्याच्या आलेखात अनाकलनीय शिखर उगवते आणि त्याचा उलगडा करण्यात महिने जातात. येथे महिने हा शब्द अतिशयोक्तीचा नाही. आपल्याकडे संशोधनवृत्तीची मुदत साधारणतः दोन अधिक तीन अशी पाच वर्षांची असते. सदोष खोलीची किंमत त्या पाच वर्षांतून वसूल होते, आणि ती भरणारा विद्यार्थी आराखडा ठरला त्या बैठकीत कधीच नसतो.

प्रत्यक्षात क्रम बहुधा उलटा असतो. प्रथम अनुदान मिळते, मग इमारत उठते, मग ज्येष्ठतेनुसार खोल्यांचे वाटप होते, मग उपकरणे येतात, आणि अखेरीस त्या खोलीत ते उपकरण चालत नाही हे ध्यानात येते. एका विद्यापीठाच्या इमारत समितीवर मानव्यविद्यांचा प्रतिनिधी म्हणून प्रस्तुत लेखकाने काही काळ काम केले. तेथे इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शीची खोली उद्वाहनाला लागून आली होती. उद्वाहन वर जाऊ लागले की पडद्यावरची प्रतिमा थरथरत असे. अखेर काम करणाऱ्या मुली रात्री आठनंतर, इमारत रिकामी झाल्यावर, सूक्ष्मदर्शी लावू लागल्या. बैठकीत आम्ही प्रवेशद्वाराच्या दगडाच्या रंगावर अर्धा तास चर्चा केली होती. उद्वाहन कोठे असावे हे कोणी विचारले नव्हते, मीही नाही.

यामागील कारण समजून घेण्यासारखे आहे. कंपनाचा वेग सेकंदाला साधारण १०० मायक्रोमीटरच्या आसपास पोहोचला की माणसाला तो जाणवू लागतो. सूक्ष्म उपकरणांसाठी अभियंते जी प्रमाणे वापरतात त्यांतील एका अतिशय कडक प्रमाणात हाच वेग सुमारे ३ मायक्रोमीटर धरला जातो. म्हणजे ज्या खोलीत उभे राहून आपण 'येथे काही हलत नाही' असे म्हणतो, ती खोली उपकरणाच्या दृष्टीने हेलकावे खात असू शकते. शिवाय उद्वाहनाची मोटार, रोहित्र आणि जाड विद्युत्-तारा यांच्याभोवती ५० हर्ट्झचे चुंबकीय क्षेत्र असते व ते इलेक्ट्रॉनांच्या झोताला वाकवते. त्यामुळे अशा उपकरणाची जागा तळमजल्यावर, रस्त्यापासून, जिन्यापासून व वीजकक्षापासून दूर, आणि शक्य तर इमारतीच्या फरशीपासून फट ठेवून वेगळ्या केलेल्या स्वतंत्र पायावर असावी लागते. हा पाया नंतर घालता येत नाही असे नाही. परंतु तो नंतर घालणे म्हणजे जेवायला बसलेल्या पंगतीखालची जमीन सारवणे होय.

हवा, पाणी आणि ऊन

वास्तुविशारदांच्या रेखाचित्रात धूरकपाट, म्हणजे ज्याला सर्वत्र फ्यूम हूड म्हणतात ते, एका लहानशा चौकोनाने दाखवलेले असते. तो चौकोन खोलीतील सर्वांत मोठा ग्राहक आहे. दीड मीटर रुंदीच्या कपाटाची काच अर्धा मीटर उघडी ठेवली आणि तोंडाशी हवेचा वेग सेकंदाला अर्धा मीटर राखला, तर ते तासाला १३५० घनमीटर हवा बाहेर फेकते. सहा मीटर लांब, पाच मीटर रुंद आणि तीन मीटर उंच अशा खोलीत एकूण हवा ९० घनमीटर. म्हणजे ती खोली तासात पंधरा वेळा रिकामी होते. एवढीच हवा आत येण्याची सोय केली नसेल तर दार उघडता उघडत नाही, किंवा शेजारच्या खोलीतील आम्लाचे वास इकडे ओढले जातात. हे गणित शाळकरी आहे; तरीही ते पुष्कळदा केले जात नाही.

वायूंचे गणितही असेच. एक लिटर द्रव नायट्रोजनापासून सुमारे ७०० लिटर वायू होतो. तीन मीटर लांबी-रुंदी-उंचीच्या बंद खोलीत दहा लिटरचे भांडे कलंडले तर तेथील प्राणवायू सुमारे २१ टक्क्यांवरून १६ टक्क्यांच्या जवळ उतरू शकतो. नायट्रोजनाला वास नाही, रंग नाही. माणसाला धोका कळण्यापूर्वीच त्याची विचारशक्ती मंदावते. म्हणून द्रव नायट्रोजन लहान, बंद खोलीत ठेवू नये, तेथे प्राणवायूमापक असावा, आणि वायूंची नळकांडी इमारतीबाहेरच्या सावलीच्या कोठीत साखळीने बांधून ठेवून नळीने वायू आत आणावा. हायड्रोजन हलका असल्याने त्याचा शोधक छताजवळ हवा. आरगॉन जड असल्याने त्याच्यासाठीचा मापक खाली हवा.

पाण्याचा प्रश्न आपल्याकडे विशेष कठीण आहे. क्ष-किरण नलिकेला दिलेल्या विजेचा जवळजवळ ९९ टक्के भाग उष्णता होऊन जातो आणि ती उष्णता वाहते पाणी नेते. दख्खनच्या विंधणविहिरीचे जड पाणी थेट सोडले की नलिकेच्या आत क्षारांचा थर बसतो, जसा घरच्या बंबात बसतो. उपाय ठाऊक आहे : शुद्ध केलेले पाणी बंद चक्रात फिरवावे आणि त्याला थंड करणारे यंत्र खोलीबाहेर ठेवावे, कारण ते यंत्र स्वतः उष्णताही सोडते आणि थरथरतेही. या बाहेरच्या जागेसाठी आराखड्यात मागच्या बाजूने एक अरुंद सेवामार्ग ठेवला तर नळ, तारा, पंप आणि दुरुस्ती करणारा माणूस यांना संशोधकाच्या टेबलावरून जावे लागत नाही. रंगमंचाच्या भाषेत बोलायचे तर ही विंग होय. विंगेशिवाय रंगमंच बांधण्याची कल्पना कोणी करणार नाही.

उन्हाविषयी एक गोष्ट म्हैसूरने शिकवली. आपल्याकडे 'उत्तरेची खिडकी' हा जवळजवळ नियमच झाला आहे. उत्तरेकडून ऊन येत नाही, केवळ उजेड येतो, असे समजतात. दिल्लीत भर दुपारचा सूर्य कधीच उत्तरेला जात नाही, त्यामुळे तेथे हा नियम चालतो. म्हैसूर मात्र विषुववृत्तापासून सुमारे १२.३ अंशांवर आहे. तेथे एप्रिलच्या चौथ्या आठवड्यापासून ऑगस्टच्या तिसऱ्या आठवड्यापर्यंत माध्यान्हीचा सूर्य उत्तरेकडे असतो. पुण्यातही मेच्या मध्यापासून जुलैअखेरपर्यंत तसेच घडते. प्रकाशमापनाच्या टेबलावर मे महिन्यात अकस्मात ऊन पडले तर दोष सूर्याचा नव्हे, नियमाच्या उसनवारीचा आहे. समुद्रसपाटीपासून सुमारे ७७० मीटर उंचीवरच्या या शहरात पाणीही शंभर अंशांऐवजी साडेसत्त्याण्णव अंशांच्या आसपास उकळते. उकळत्या पाण्यावरून तापमापक तपासणाऱ्याने हे ध्यानात ठेवावे. मात्र म्हैसूरची हवा सौम्य असल्याने वातानुकूलनाचा भार नागपूर किंवा जळगावच्या तुलनेत पुष्कळ कमी राहतो. तेथील आराखडा विदर्भात जसाच्या तसा आणता येणार नाही.

म्हैसूरची उदाहरणे

म्हैसूरमध्ये जुन्या वास्तूला प्रयोगशाळा करण्याचे प्रसिद्ध उदाहरण आहे. राजकन्येसाठी बांधलेल्या चेलुवांबा प्रासादात १९५० साली केंद्रीय अन्नतंत्र संशोधन संस्था सुरू झाली. जाड भिंती, उंच छत आणि रुंद ओवऱ्या यांचा लाभ अशा वास्तूत मिळतो. सांडपाण्याचे व धुराचे मार्ग मात्र नव्याने शोधावे लागतात. तो विषय स्वतंत्र लेखाचा आहे. पदार्थविज्ञानाच्या दृष्टीने अधिक बोलके आहे ते विद्यापीठाच्या भौतिकशास्त्र विभागाचे उदाहरण.

१९६१ साली शिवरामकृष्ण चंद्रशेखर या विभागाचे पहिले प्रमुख म्हणून रुजू झाले. हे चंद्रशेखर सर सी. व्ही. रामन यांचे भाचे; ताऱ्यांविषयीच्या कार्यासाठी नोबेल पारितोषिक मिळालेले सुब्रह्मण्यन् चंद्रशेखर ते वेगळे. केंब्रिज व लंडन येथील कामानंतर ते नव्याने उभ्या राहणाऱ्या विभागात आले आणि सुमारे दहा वर्षे तेथे राहिले. द्रव स्फटिकांकडे ते वळले ते याच काळात. द्रव स्फटिक म्हणजे द्रवाप्रमाणे वाहणारा, पण स्फटिकाप्रमाणे काही एक शिस्त पाळणारा पदार्थ. १८८८ साली राइनिट्झर या वनस्पतिशास्त्रज्ञाने कोलेस्टेरॉलच्या एका संयुगाला दोन वितळबिंदू असल्याचे पाहिले, तेथून या विषयाचा आरंभ होतो. असा पदार्थ पाहण्यासाठी लागणारे मुख्य साधन म्हणजे ध्रुवित प्रकाशाचा सूक्ष्मदर्शी आणि त्याखाली तापमान नेमके राखणारे छोटेसे तापपीठ. नव्या विद्यापीठ विभागाच्या आवाक्यातील हे साधन होते. कोणता प्रश्न निवडला यावरून कोणती खोली लागेल हे ठरते; आणि चंद्रशेखरांनी असा प्रश्न निवडला की ज्यासाठी फार मोठी खोली लागत नव्हती, पण फार बारीक नजर लागत होती.

१९७१ साली ते बंगळूरच्या रामन संशोधन संस्थेत द्रव स्फटिकांची प्रयोगशाळा उभारण्यासाठी गेले. तेथे १९७७ साली चंद्रशेखर, बी. के. सदाशिव आणि के. ए. सुरेश यांचा 'प्रमाण' या नियतकालिकात छोटासा शोधनिबंध प्रसिद्ध झाला. तोवर ज्ञात असलेले या वर्गातील द्रव स्फटिक काठीसारख्या लांबट रेणूंचे होते. या तिघांनी चकतीसारख्या रेणूंचे द्रव स्फटिक दाखवून दिले; चकत्या नाण्यांच्या चळतीप्रमाणे एकावर एक रचल्या जातात आणि अशा चळती शेजारी शेजारी उभ्या राहतात. पुढे या शाखेवर जगभर काम झाले. आखणीच्या दृष्टीने यातील मर्म असे की, हे रेणू बाजारात मिळत नव्हते. ते घडवावे लागले. रेणू घडवणारा रसायनज्ञ, तो पाहणारा भौतिकज्ञ आणि क्ष-किरणांनी त्याची रचना मोजणारा अभ्यासक यांच्या खोल्या एकाच छताखाली असल्या की सकाळी घडवलेला नमुना दुपारी सूक्ष्मदर्शीखाली जातो आणि संध्याकाळी 'शेपूट दोन कार्बनांनी वाढवून पाहा' असा निरोप परत येतो. आपल्या बहुतेक विद्यापीठांत रसायन व भौतिक विभाग वेगवेगळ्या इमारतींत, काही ठिकाणी वेगवेगळ्या टेकड्यांवर असतात. दोन विभागांमधले अंतर मीटरमध्ये मोजावे, अशी सूचना करण्याचा मोह होतो.

दुसरे उदाहरण मानसगंगोत्रीतीलच, भूविज्ञान विभागातील. के. भैरप्पा यांनी तेथे हायड्रोथर्मल पद्धतीने स्फटिक वाढवण्याचे काम दीर्घकाळ केले. (मराठी वाचकाला भैरप्पा म्हटले की उमा कुलकर्णींच्या अनुवादांतून भेटलेले कादंबरीकार एस. एल. भैरप्पा आठवतील, तेही म्हैसूरचेच, परंतु हे दुसरे.) मासाहिरो योशिमुरा यांच्यासह त्यांनी लिहिलेला या तंत्राचा ग्रंथ २००१ साली प्रसिद्ध झाला. पृथ्वीच्या पोटात गरम पाण्यात खनिजे विरघळून पुन्हा स्फटिकरूप होतात, तीच क्रिया पोलादी पात्रात घडवणे हे या तंत्राचे सार. खनिजांच्या अभ्यासकांकडे हे तंत्र वाढावे यात नवल नाही.

या तंत्रातील धोका प्रेशर कुकर वापरणाऱ्या प्रत्येकाला समजेल असा आहे. पाण्याचा क्रांतिक बिंदू ३७४ अंश सेल्सिअस आणि सुमारे २१८ वातावरणे एवढ्या दाबाला येतो. परंतु बंद पात्रातील दाब तापमानाइतकाच, ते पात्र किती भरले आहे यावरही अवलंबून असतो. पात्र ८० टक्के भरले असेल तर सुमारे २४५ अंशांना पाणी प्रसरण पावून संपूर्ण पात्र व्यापते. त्यानंतर वाफेला जागा उरत नाही आणि प्रत्येक अंशागणिक दाब झपाट्याने चढतो. तेव्हा 'पात्र थोडे जास्त भरले' ही चूक क्षुल्लक ठरत नाही. अशी पात्रे जाड भिंतीच्या वेगळ्या कप्प्यात, पोलादी आडोशामागे ठेवावीत. कप्प्याची एक बाजू किंवा छत मुद्दाम हलके व निर्मनुष्य दिशेला उघडणारे असावे, आणि तापमानाचे नियंत्रण भिंतीच्या अलीकडून करता यावे. इमारतीच्या मधल्या खोलीत हे जमत नाही. म्हणजे या एका तंत्रासाठी आराखड्यातील कोपऱ्याची खोली आरंभीच राखून ठेवावी लागते.

म्हैसूर विद्यापीठात पुढे विज्ञान भवन हे सामायिक उपकरणांचे केंद्र झाले. महागडी उपकरणे विभागाविभागांत विखुरण्यापेक्षा एकत्र ठेवावीत ही दिशा योग्यच आहे. मात्र सामायिक उपकरणाला स्वतःचा माणूस लागतो, आणि येथे विषय भिंतींपलीकडे जातो.

माणसे

महाराष्ट्रातील एक उदाहरण या संदर्भात पाहण्यासारखे आहे. कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठात, म्हणजे १९६२ साली स्थापन झालेल्या आणि श्रीमंत नसलेल्या विद्यापीठात, पातळ थरांवर मोठे काम झाले. सी. डी. लोखंडे यांचे नाव त्यात अग्रभागी आहे. काचेची पट्टी रसायनांच्या द्रावणात बुडवून, किंवा आलटून पालटून दोन द्रावणांत व मधे पाण्यात बुचकळून, तिच्यावर अर्धसंवाहकाचा थर चढवण्याच्या या पद्धती आहेत. एच. एम. पठाण यांच्यासह त्यांनी २००४ साली लिहिलेला यांपैकी दुसऱ्या पद्धतीवरील आढावालेख या क्षेत्रात परिचित आहे. या कामाला निर्वात पंपांची रांग लागत नाही. चंचुपात्र, तापमान राखणारे जलपात्र आणि धीर पुरतो. सायकलच्या दुकानाने मोटारीच्या कारखान्याचा आराखडा नक्कल करू नये, एवढा शहाणपणा त्यात होता. तथापि साधी पद्धत म्हणजे बेफिकीर खोली नव्हे. कॅडमियम व सेलेनियमयुक्त द्रावणे मोरीत ओतता येत नाहीत. अशा प्रयोगशाळेत पंपांवर वाचलेला पैसा टाकाऊ द्रावणांच्या स्वतंत्र पिंपांवर, आम्ल सोसणाऱ्या नळांवर आणि धूरकपाटांवर खर्चावा लागतो.

जुन्या विद्यापीठांत काच फुंकणारा कारागीर आणि लेथवर काम करणारा यंत्रकर्मी असे. निवृत्त झाल्यावर त्यांच्या जागा भरल्या गेल्या नाहीत अशा अनेक कर्मशाळा प्रस्तुत लेखकाने कुलूपबंद पाहिल्या आहेत. तुटलेली काचनळी आता कुरियरने दुसऱ्या शहरात जाते आणि तीन आठवड्यांनी परत येते. आराखडा करताना कर्मशाळा प्रयोगशाळेच्या शेजारी ठेवावी, आणि अनुदानाच्या प्रस्तावात उपकरणाच्या किमतीशेजारी ते चालवणाऱ्या व्यक्तीचे किमान पाच वर्षांचे वेतन व देखभालीचा करार लिहावा. बसायच्या जागेचाही विचार व्हावा. विद्यार्थी प्रयोगाच्या टेबलावरच डबा उघडतो तो बेशिस्त आहे म्हणून नव्हे. दुसरी जागा दिलेली नसते म्हणून. रात्री भट्टीजवळ थांबणाऱ्या विद्यार्थिनीला उजेडाचा मार्ग, दूरध्वनी आणि जवळचे स्वच्छतागृह ही आराखड्याचीच कलमे आहेत.

शेवटी एक क्षुल्लक वाटणारी बाब. खोका जेथे मालमोटारीतून उतरेल तेथपासून तो ज्या खोलीत जाणार तेथपर्यंतची वाट रेखाचित्रावर पेन्सिलीने ओढून पाहावी : प्रत्येक दाराची रुंदी, प्रत्येक वळण, प्रत्येक उंबरा. उपर्युक्त समितीच्या इमारतीत ही रेघ कोणी ओढली नव्हती. दरवाजे एक मीटरचे होते, खोका सव्वा मीटरचा होता. नवी भिंत फोडून उपकरण आत घेतले, भिंत पुन्हा बांधली, आणि तिच्या ओल्या सिमेंटची धूळ खाली बसेपर्यंत उपकरणावरचे प्लॅस्टिक दोन महिने काढता आले नाही.